पलिष्ट्यांची माती

उत्पत्तीच्या पुस्तकातील २६वा अध्याय आपल्या प्रवचनांतून फारसा ऐकू येत नाही. अब्राहामाचा यज्ञ आपल्याला ठाऊक आहे, याकोबाची शिडी ठाऊक आहे. या दोहोंमधला इसहाक मात्र नजरेतून निसटतो. त्याच्या हातून पराक्रम असा काही घडला नाही. त्याने विहिरी खणल्या. बापाने खणलेल्या आणि पुढे बुजविल्या गेलेल्या विहिरी त्याने पुन्हा उकरल्या आणि त्यांना बापाने ठेवलेलीच नावे दिली. त्या बुजविल्या होत्या पलिष्ट्यांनी, माती टाकून. इसहाकाची भरभराट त्यांना पाहवली नाही, असे शास्त्र सांगते. पुढे गरारच्या खोऱ्यात नवे पाणी लागले तेव्हा तेथील गुराख्यांशी तंटा झाला. म्हणून एका विहिरीचे नाव ‘एसेक’, म्हणजे भांडण, दुसरीचे ‘सितना’, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडले नाही. तिला त्याने ‘रहोबोथ’, म्हणजे ऐसपैस जागा, असे म्हटले.

वसईच्या ख्रिस्ती माणसाला हा अध्याय भाष्याविना कळावयास हवा. समुद्र आणि खाडी यांच्या कुशीतली ही भूमी. येथे गोडे पाणी मिळते हेच मुळात नवल. आपल्या पूर्वजांनी वाडीवाडीत बावखली खणल्या. पावसाचे पाणी त्यांत साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीला झरे फुटत. त्या पाण्यावर राहाट फिरले, केळी आणि पानवेली पोसल्या गेल्या. बावखल खणणाऱ्यांनी भूजलशास्त्र वाचले नव्हते. परंतु किनाऱ्यावरचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. आज शास्त्र हिशेब मांडून तेच सांगते: गोड्या पाण्याची पातळी १ फूट उतरली, तर खालची खारी सीमा सुमारे ४० फूट वर सरकू शकते. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी होण्यास किती पावसाळे लागतील, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या बावखली आज कोण बुजवीत आहे?

नव्वदच्या दशकात हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी उभे राहिले, तेव्हा समोर बिल्डर होता, टँकरवाला होता, गुंड होता. पलिष्टी कोण हे बोट दाखवून सांगता येत होते. आज तसे राहिलेले नाही. रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्या घरातूनच मातीचा डंपर मागविला जातो. कधी भावाभावांच्या वाटण्या असतात, कधी मुलाच्या बंगल्याला जागा हवी असते, कधी लग्नाच्या मांडवाला, कधी नुसती दोन मोटारी उभ्या करावयास. भराव पडतो, वर काँक्रीट पडते आणि वास्तूला आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरूला आमंत्रण येते. तेच पवित्र पाणी आम्ही तेथे शिंपडावे, अशी अपेक्षा असते.

‘जागा आमची, सातबारा आमचा’ हे उत्तर आम्हांला अनेकदा ऐकावयास मिळते. कायद्याच्या कोर्टात ते कदाचित टिकेलही. परंतु लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देव इस्राएलला स्पष्ट बजावतो की भूमी त्याची आहे आणि तिच्यावर राहणारे उपरे आणि कुळे आहेत. सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, जमिनीखालचे पाणी बांध पाहून थांबत नाही. तुमच्या बावखलीत मुरलेले पाणी शेजारणीच्या विहिरीत उगवते, आणि तुमच्या भरावाने अडलेले पाणी तिच्या ओटीवर चढते. ९ आणि १० जुलै २०१८ या दिवसांचा पाऊस आठवा. घराघरांत पाणी शिरले, वीज गेली, मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसे अडकली. तेव्हा आपण महानगरपालिकेला दोष दिला. तो द्यावयासच हवा होता. नाले तिचेच होते. पण बावखली काही महानगरपालिकेने बुजविल्या नव्हत्या.

दुसरे एक उत्तर अधिक भक्तिभावाचे असते: फादरांनी वेदीपुरते बोलावे, पाणी आणि जमीन हे राजकारण आहे. असे म्हणणाऱ्यांनी आपली उपासना कधी नीट ऐकली आहे काय? पास्काजागरणाच्या रात्री हातात मेणबत्ती घेऊन आपण उभे असतो, तेव्हा आशीर्वाद कशाला दिला जातो? पाण्याला. सृष्टीच्या आरंभीचे पाणी, प्रलयाचे पाणी, तांबड्या समुद्राचे पाणी, यार्देनचे पाणी यांची एकामागून एक आठवण केली जाते. समरोनी स्त्रीशी प्रभूचा संवाद झाला तो एका विहिरीच्या काठावर, आणि त्या संवादाची सुरुवात धर्मतत्त्वाने झाली नाही. ती ‘मला प्यायला पाणी दे’ या मागणीने झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पिण्यायोग्य पाणी हा मानवाचा मूलभूत हक्क असल्याचे लिहिले, ते काही राजकारणात शिरण्यासाठी नव्हे.

आता कोणी म्हणेल, विहिरी हव्यात कशाला, नळ आले आहेत. होय, आले आहेत. त्या नळांत सूर्या प्रकल्पाचे पाणी येते. तो प्रकल्प मुळात पाटबंधाऱ्याचा. डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी उभारलेला. धामणीच्या धरणासाठी आदिवासींची गावे उठली. ते पाणी शहरांकडे वळविण्याला तेथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. दावीदाला एकदा बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले. तीन वीरांनी शत्रूची फळी फोडून ते आणले, तेव्हा दावीदाने ते तोंडाला लावले नाही. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे ते रक्तच आहे, असे म्हणून ते परमेश्वरापुढे ओतले. आपण नळ बंद करावेत असे आम्ही म्हणत नाही. घराघरांत लेकरे आहेत, आजारी माणसे आहेत. परंतु स्वतःच्या वाडीतले पाणी मातीखाली गाडून दुसऱ्याच्या डोंगरातले मागणाऱ्याने, यहेज्केलच्या ३४व्या अध्यायातील त्या धष्टपुष्ट मेंढरांकडे एकदा पाहावे. ती स्वच्छ पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करतात.

शेती परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. मुलगा कॅनडात, सून नोकरीला आणि केळीच्या घडाला भाव नाही, अशा घराला उपदेश करणे सोपे, हे आम्ही जाणतो. जमीन विकावी लागणाऱ्याची अडचण वेगळी. आमचा वाद त्याच्याशी नाही. आमचा वाद आहे तो गरज नसताना, केवळ मोकळी जागा डोळ्यांत खुपते म्हणून बावखल बुजविणाऱ्याशी. आणि चर्चचे पटांगण कडेपासून कडेपर्यंत पेव्हर ब्लॉकने मढवून, पावसाचा थेंब आत जाणार नाही अशी व्यवस्था करून, सुशोभीकरणाची पाटी लावणाऱ्या पाळकीय मंडळांशीही.

राहिला डासांचा मुद्दा. तो आजारपणाचा असल्याने हसण्यावारी नेता येणार नाही. त्यावर उपाय जुना आहे: गाळ काढावा, कचरा टाकू नये आणि पाण्यात गप्पी मासे सोडावेत. मासे आरोग्य खात्याकडे मिळू शकतात. गाळ मे महिन्यात काढावा लागतो, पहिल्या पावसाच्या आधी; आणि बावखलीच्या उताऱ्यावर चुलत्यापुतण्यांची जी दहाबारा नावे असतात, त्या सर्वांना एका बैठकीस बोलवावे लागते. ही बैठक आपल्या चर्चच्या सभागृहात घ्यावयाची असल्यास भाडे पडणार नाही.