आधी घर विचारा, मग भाव

मसुरीला गेलेले बहुतेक मराठी पर्यटक मॉल रोड आणि केम्प्टीचा धबधबा पाहून खाली उतरतात. त्याहून थोडं वर, लंढौर बाजारात, जुन्या वस्तूंची काही दुकानं आहेत. कंदील, बंद पडलेली घड्याळं, ग्रामोफोन, चिनी मातीच्या बशा यांनी ती भरलेली असतात. या गावाचा इतिहास समजून घ्यायचा, तर ही दुकानं एखाद्या संग्रहालयाइतकीच मोलाची आहेत, असं माझं ठाम मत आहे. फक्त भाव विचारण्याआधी वस्तू कोणत्या घरातून आली, हे विचारलं पाहिजे.

कारण इथला इतिहास किल्ल्यात किंवा देवळात साठलेला नाही, तो घरांत आहे. गुरख्यांशी झालेल्या युद्धानंतर हा डोंगर कंपनी सरकारकडे आला आणि १८२७ साली लंढौरला आजारी गोऱ्या शिपायांसाठी छावणी उभी राहिली. १८३०च्या दशकात सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मसुरीजवळ पार्क इस्टेट घेतली आणि हिंदुस्थानच्या मोजणीचं काम तिथून चालवलं. अफगाणिस्तानचा पदच्युत अमीर दोस्त महंमद इथे नजरकैदेत होता. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, तेव्हा धर्मशाळेच्या आधी त्यांचा मुक्काम मसुरीतच होता. डेहराडूनला रेल्वे आली १९०० साली, आणि त्यानंतरही राजपूरपासूनची चढण बाकी होतीच. तोवर इथल्या बंगल्यांतली शिसवी कपाटं आणि जडशीळ पलंग हमालांच्या पाठीवरून वर चढले होते. १९४७च्या सुमारास साहेबलोक घरं विकून निघाले, तेव्हा त्यातलं बरंच सामान मागे राहिलं. कपाटाचं घर कळलं की हा सगळा काळ त्याच्याबरोबर कळतो. नाही कळलं, तर उरतं नुसतं लाकूड.

दुकानदार काहीही सांगेल, त्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा आक्षेप रास्त आहे. एव्हरेस्टच्या नावाखाली पितळी होकायंत्र पुढे केलं जाऊ शकतं, आणि डोंगराखालच्या रुडकीत तशी जुन्या घडणीची होकायंत्रं आणि दुर्बिणी आजही नव्याने घडवल्या जातात. पण वस्तूही बोलते. विलायती बशीच्या पाठीवर पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा नोंदणीचा शिक्का असेल, तर तो नमुना १८४२ ते १८८३ या काळात नोंदलेला. ‘मेड इन इंग्लंड’ असेल, तर ती बशी बहुधा विसाव्या शतकातली. चमच्यावर हॉटेलचं नाव किंवा पेटीवर पलटणीचा क्रमांक सापडतो. त्याच्याशी दुकानदाराची हकीकत ताडून पाहावी आणि जुळली, तर ती बिलावर लिहून मागावी. खोटं तोंडाने सांगणं सोपं असतं. सहीनिशी लिहून देताना माणूस बिचकतो.

दुसरं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाने या वस्तू घेतल्या नाहीत तर त्या भंगारात जातील, मग इतक्या चौकशा कशाला? कपाट, कंदील, कपबशी यांच्याबाबत ते मला मान्य आहे. त्या घेणारा माणूस त्यांना वाचवतोच. पण ‘कोणत्या घरातली?’ याचं उत्तर एखादं देऊळ किंवा गोंपा (बौद्ध मठ) असं आलं, तर ती वस्तू घेऊ नये. गढवालातल्या गावाची मूर्ती कोणी घेतली नाही म्हणून भंगारात जात नसते. ती घेणारं गिऱ्हाईक आहे म्हणूनच चोरीला जाते. कायदाही इथे स्पष्ट आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनं मोलाचं हस्तलिखित, ‘पुरावस्तू’ ठरतं. ती विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाच्या दिवाणखान्यासाठी जुनी मूर्ती पाठवण्याचा बेत अनेक प्रेमळ आईवडील करतात. त्या मूर्तीने शंभरी ओलांडली असेल, तर तो गुन्हा आहे, आणि वय सांगता येत नसेल, तर विमानतळावर अडकण्याची तयारी ठेवावी लागते.