गोळ्या सोडा, योग करा?

नैराश्यावर औषध घेणाऱ्याला घरीदारी हमखास ऐकावं लागतं, "गोळ्या सोड, योग कर. मन खंबीर असलं की असलं काही होत नाही." सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण हा सल्ला रुग्णाचा घात करतो. शिवाय योगदर्शनात त्याला आधारही नाही.

पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात चित्त विचलित करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले, त्यांत पहिला व्याधी. संशय, आळस त्यानंतर येतात. आजारात साधना अडते, हे योगानं मान्यच केलं आहे. त्यासाठी आजाऱ्याला दुबळं ठरवलेलं नाही. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य तर योगशास्त्राची मांडणी चिकित्साशास्त्रासारखीच चौपदरी मानतं : रोग, रोगाचं कारण, आरोग्य आणि औषध. वैद्यकाचा असा दाखला देणाऱ्या दर्शनाच्या नावानं औषध बंद करायला लावणं हा त्या दर्शनावरही अन्याय आहे. गोळ्या परस्पर थांबवल्या की आजार उलटू शकतो आणि त्याची किंमत रुग्णच मोजतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : योग हा श्रद्धेचा मामला, उपचारांत त्याचं काय काम? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच. आज बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मनोरुग्णांच्या उपचारांना योगाची जोड दिली जाते. परिणाम तपासता येतात. मग श्रद्धेचा मुद्दा उरत नाही.

योगाचं खरं देणं आसनांपुरतं नाही. दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास चित्ताच्या विक्षेपासोबत येतात, हे पतंजलींनी नोंदवलं. धास्तीनं छाती धडधडते तेव्हा मनाला समजावणं कठीण असतं. श्वास संथ करणं मात्र जमू शकतं. मैत्री, करुणा, मुदिता (आनंद), उपेक्षा या त्यांनी सांगितलेल्या चार भावना तर रोजच्या नात्यांसाठीच आहेत. सहकाऱ्याच्या बढतीनं जीव जळतो तिथे मुदिता, कुणाचं वाईट वागणं रात्रभर डोक्यात घोळतं तिथे उपेक्षा. हे एका दिवसात साधत नाही, म्हणूनच अभ्यासावर इतका भर आहे.

तेव्हा योगवर्गात येणाऱ्याला शिक्षकानं आधी विचारावं, उपचार चालू आहेत का? चालू असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं अभ्यास आखावा आणि गोळ्यांना हात लावू नये. पतंजलींच्या शास्त्राशी इमान राखायचं तर एवढं केलंच पाहिजे.