अकरावीला किती कॉलेजं टाकायची?

दहावीचा निकाल लागला की बांधावर हाच विषय. 2025 पासून राज्यभर अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झालाय. अर्जात कमीत कमी 1 अन् जास्तीत जास्त 10 कॉलेजं टाकता येतात. कुणी म्हणतं दहाही भरा, कुणी म्हणतं जवळचं एक बास.

माझं मत सरळ आहे. जिथं लेकरू रोज खरंच जाऊ शकतं, तेवढीच टाका. पण एकावर भिस्त नको. सगळ्या रानात आपण एकच वाण लावतो का? मागच्या वर्षीचा कटऑफ बघा. दोन आपल्या मार्कांच्या वरची, तीन-चार बरोबरीची, दोन खात्रीची धरा. वर मोठं नाव टाकल्यानं खालचा नंबर हुकत नाही.

पहिला क्रम मात्र विचार करून लावा. तिथं नंबर लागूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात.

पोरीचा अर्ज असला की यादी लगेच एकावर येते, हे मला पटत नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. गाडी कॉलेजच्या वेळेला आहे का, ते स्टँडवर विचारा. प्रॅक्टिकल खरंच होतात का, ते तिथल्या बारावीच्या पोरांना विचारा. एवढं चाळून सात उरली तर सातच टाका. पण पोरगी आहे म्हणून एकच टाकू नका.