हिरवळीतला चोर

उद्यमबागेतल्या आमच्या घरापुढची हिरवळ ऐन गणपतीच्या तोंडावर पिवळी पडू लागली. मी पाणी वाढवलं. सकाळी पाहावं तर जागोजागी उकरलेलं! संशय आधी शेजारच्या कुत्र्यावर, मग साळुंक्यांवर. सौ.चा मात्र माझ्यावरच, कारण युरिया मी टाकला होता.

शेवटी निपाणीकडचे ऊसवाले अण्णा आले. त्यांनी पिवळं गवत मुठीत धरून ओढलं, तर ते सतरंजीसारखं उचललं गेलं! खाली तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या.

"हुमणी," अण्णा म्हणाले.

"अय्यो, गोण्णे हुळा!" सौ. माहेरच्या भाषेत ओरडली.

नावं दोन, खाणं एकच : मुळं. साळुंक्या बिचाऱ्या तीच वेचत होत्या.

मी जालीम औषध आणायला निघालो. सौ.नं नातीकडं बोट दाखवलं. पोर याच गवतावर रांगते. मग मुकाट्यानं खुरपं घेतलं, अळ्या साबणाच्या पाण्यात टाकल्या आणि शेणखतातून मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मातीत मिसळली.

पुढच्या वर्षी वळीव पडला, की संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमणारे भुंगेरेच वेचायचे. म्हणजे अंडी घालायला कुणी उरायला नको.

कुत्र्याची माफी तेवढी राहिलीय.