तिसऱ्यांची शिरगणती

"मासे मोजून मासे वाढतात काय हो?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता विचारणाऱ्याचा चेहरा मला आधीच दिसतो. माणूस शिकलेला असतो, खाऊनपिऊन सुखी असतो आणि बहुतेक वेळा त्याच्या ताटात नुकतेच तिसऱ्यांचे सुके येऊन गेलेले असते! जेटीवर वही घेऊन उभा राहणारा, शिंपल्या मापणारा, नदीच्या पाण्याच्या बाटल्या भरून नेणारा कर्मचारी म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी, असे त्याचे ठाम मत असते. 'त्यापेक्षा तेच पैसे पागी-खारव्यांना द्या ना,' असा शेराही तो वर मारतो. ऐकणाऱ्या चारजणांना ते पटते, कारण त्यात गरिबांचा कळवळा दिसतो.

आज मला या मताचा समाचार घ्यायचा आहे.

प्रथम माझा अधिकार सांगतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. मी कला शाखेचा पदवीधर, पोटासाठी सरकारी कारकुनी करणारा. शिंपल्यांची लॅटिन नावे मला पाठ नाहीत. पण आकडा कुठून येतो, हे मात्र कारकुनाइतके कोणाला कळत नाही. आकडे दोन जातींचे असतात. एक आकडा पायी चालत येतो. कोणीतरी उन्हात उभे राहून तो मिळवलेला असतो. दुसरा आकडा खुर्चीत बसल्या जागी जन्म घेतो. मागच्या वर्षीचा घ्यायचा, त्यात थोडी भर घालायची आणि खाली सही करायची. तक्त्यात छापल्यावर दोघेही सारखेच दिसतात, आणि पुढची सगळी धोरणे त्या तक्त्यावर ठरतात.

आता पायी चालत येणारा आकडा कसा येतो ते पाहा. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था 1947 साली स्थापन झाली. देशाच्या किनाऱ्यावर किती मासळी उतरते याचा अंदाज ती नमुना पद्धतीने काढते. प्रत्येक धक्क्यावर रोज माणूस ठेवणे शक्य नाही, म्हणून धक्के आणि दिवस आधी निवडले जातात. निवडलेल्या दिवशी तिचा क्षेत्र कर्मचारी दुपारी 12 ते संध्याकाळी 6 पर्यंत धक्क्यावर असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी 6 ते दुपारी 12. मधल्या रात्री काय उतरले ते विचारून नोंदवायचे. पंधरा किंवा त्याहून कमी होड्या आल्या तर सगळ्या पाहायच्या, जास्त आल्या तर ठरलेल्या नियमाने निवडायच्या. कोणते जाळे, किती तास, कोणती जात, किती वजन... मालिम असो की कुटबण, ओरडा, बर्फ, चिखल, लिलाव या सगळ्यात उभे राहून ही वही भरायची असते. बैठकीत जो 'सागरी उत्पादन' म्हणून आकडा झळकतो, त्याचे बालपण असे असते.

पण वाचकहो, ही झाली होडीतून येणाऱ्या मासळीची गोष्ट. तिसऱ्या, खुबे, कालवे, शिनाणे यांची तऱ्हा वेगळी. तिसरी धक्क्यावर उतरत नाही. तिला शिर नाही (शास्त्रीय अर्थानेही नाही, या प्राण्यांना डोकेच नसते!), मग शिरगणती कोण करणार? सुकती लागली की बायका नदीत उतरतात, कंबरभर पाण्यात पायांनी चाचपून आणि हातांनी उकरून तिसऱ्या काढतात, टोपली डोक्यावर घेतात आणि थेट बाजारात किंवा दारोदार नेऊन विकतात. होडी नाही, जाळे नाही, लिलाव नाही, इंजिनाचा नंबर नाही. म्हणजेच जी जी खूण धरून सरकार मासेमारी ओळखते, ती एकही खूण या धंद्याला नाही. ट्रॉलर मोजायला सोपा असतो. नदीतली बाई दिसते सगळ्यांना, पण तक्त्यात येत नाही.

म्हणून शिंपल्यांची मोजणी धक्क्यावर नव्हे, चिखलात करावी लागते. भरतीओहोटीचे कोष्टक बघून पहाटे निघायचे. ठरलेल्या जागी लोखंडी चौकट टाकायची, तिच्यातला चिखल खणून चाळणीत धुवायचा आणि जिवंत शिंपल्या वेगळ्या करायच्या. त्या मोजायच्या, तोलायच्या आणि प्रत्येकीची लांबी कॅलिपरने मिलिमीटरमध्ये लिहायची. पाण्याची क्षारता, तापमान, चिखलाचा पोत, सगळे टिपायचे. मग हेच पुढच्या महिन्यात, त्याच जागी, त्याच रीतीने.

त्या मिलिमीटरांतून काय कळते, असे विचाराल तर सांगतो. एखाद्या जागी लहान, मध्यम, मोठ्या अशा सर्व मापांच्या तिसऱ्या असतील तर ते घर नांदते आहे. सगळ्या मोठ्याच असतील तर बाजारात आनंदीआनंद असतो, 'यंदा काय टपोऱ्या आहेत' म्हणून आपण खूश होतो. पण वहीवाल्याच्या पोटात गोळा येतो. त्याला दिसते की नवी पिढी आलेलीच नाही. या म्हाताऱ्या संपल्या की पाळणा रिकामा. आणि सगळ्या बारीकच निघाल्या तर वाढायच्या आत उपसा होतो आहे. टोपलीतल्या मालावरून ग्राहकाला यातले काही उमगत नाही.

'पण नदीत उतरणाऱ्या बाईला हे सगळे ठाऊक असते, तिला कॅलिपर कशाला?' असा आक्षेप येईल. खरे आहे, तिला ठाऊक असते. तुमच्या-माझ्यापेक्षा शंभरपट अधिक ठाऊक असते. पण तिचे म्हणणे फाइलीत जात नाही! 'पूर्वी ढीगभर मिळायच्या, आता मिळत नाहीत,' असे ती म्हणाली तर तिचे 'निवेदन' होते, आणि निवेदनावर 'पाहिले' असा शेरा पडतो. तेच वाक्य चौरस मीटर आणि किलोच्या भाषेत आले की त्याचा 'अहवाल' होतो. अहवालही गुंडाळून ठेवता येतो, कबूल. पण तो न्यायालयात उभा राहतो, निवेदन राहत नाही. हा क्षेत्र कर्मचारी म्हणजे नदीतली बाई आणि सरकारी फाइल यांच्यामधला दुभाषा आहे. त्याला काढून टाकणे म्हणजे तिची वाचा बंद करणे.

ही नुसती कल्पना नव्हे, गोव्यातच घडलेली गोष्ट आहे. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा यांतल्या तिसऱ्यांच्या वसाहतींचा अभ्यास परुळेकर, द्विवेदी आणि धारगळकर यांनी 1973 साली प्रसिद्ध केला. पुढे 1986 साली परुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांनी खाणकामाचा नद्यांच्या तळावर काय परिणाम झाला ते मांडले. खाणीची धुऊन आलेली माती तळावर बसली, चिखलातले जीव गुदमरले आणि तिसऱ्यांचे उत्पादन 70 टक्क्यांहून अधिक घटले, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'घटले' हा शब्द नीट वाचा. आधी किती होते हे कोणीतरी चिखलात उतरून लिहून ठेवले होते, म्हणून 'घटले' म्हणता आले. पहिली वही नसती तर दुसऱ्या वहीला काही अर्थ उरला नसता.

आणि पुढे? 2012 साली गोव्यातील खाणी थांबल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून मुभा दिली. 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा सगळे थंडावले. त्या काळात खनिज किती टन पडून राहिले, महसूल किती कोटी बुडाला, किती ट्रक आणि बार्जी उभ्या राहिल्या, हे शेंबड्या पोरालाही पाठ झाले. बार्जी थांबल्यावर नदीच्या तळाला काय झाले, तिसऱ्या परतल्या का, हा प्रश्न त्या गदारोळात माझ्या कानावर एकदाही पडला नाही. खनिजाचे टन आपल्याला मोजता येतात. तिसऱ्यांचे टन म्हटले की 'मोजून वाढतात काय?'

2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने गोव्यातील सहा नद्या जलमार्गांच्या यादीत गेल्या. उद्या कुठे गाळ उपसायचा ठरला तर अहवालात 'या भागातील मत्स्यसंपदा' असा रकाना असेल. कारकून म्हणून सांगतो, कोरा रकाना साहेबाच्या टेबलापर्यंत पोचेतो शून्य होतो. 'माहिती उपलब्ध नाही' याचे 'काही नाही' व्हायला दोन सह्या पुरतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोजून वाढतात काय? केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी तलाव आहे. तिथल्या तिसऱ्यांना परदेशातून मागणी आली, उपसा वाढला, 1991 साली उत्पादन वर्षाला 10 हजार टनांवर गेले आणि 1993 मध्ये ते निम्म्यावर आले. मग वर सांगितलेल्या संस्थेच्या सल्ल्याने नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात बंदी, जाळ्याच्या आसाला किमान माप, बारीक शिंपल्यांच्या निर्यातीला मज्जाव, यांत्रिक उपशाला मनाई. यातला प्रत्येक नियम कोणाच्या तरी वहीतून आला आहे. अंडी कधी सुटतात हे महिनोन् महिने शिंपल्या उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. उत्पादन सावरले, आणि 2014 साली त्या मासेमारीला मरीन स्ट्यूअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी. तेव्हा होय, मोजल्यामुळे वाढतात. त्यासाठी मोजणाऱ्याचे ऐकावे मात्र लागते.

अजून एक गोष्ट आहे आणि ती आपल्या पोटाशी संबंधित आहे. शिंपला पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यातले सगळे त्याच्या अंगात साठते, मैल्यातले जंतूही आणि काही सूक्ष्म शैवालांचे विषही. हे विष शिजवून जात नाही, त्याला वास नाही, चव नाही. 1981 साली तामिळनाडूत अशा शिंपल्या खाऊन तिघे दगावले. 1997 साली केरळात विळिंजमला शिनाण्यांतून विषबाधा होऊन सातजण गेले आणि पाचशेहून अधिक लोकांना इस्पितळात न्यावे लागले. हे विष ओळखायला प्रयोगशाळाच लागते, आणि प्रयोगशाळेला नमुना आणून देणारा माणूस लागतो.

अमेरिकेत 1924 च्या हिवाळ्यात कालवांमुळे विषमज्वर पसरला, दीडशेच्या आसपास माणसे मेली. लगेच 1925 पासून तिथे शिंपल्यांच्या पाण्याची तपासणी सुरू झाली. युरोपात शिंपल्याच्या 100 ग्रॅम मांसात किती ई. कोलाय जंतू आहेत यावरून खाडीचे वर्ग ठरतात. 230 पर्यंत असतील तर 'अ' वर्ग, माल थेट बाजारात. त्यावर गेले तर आधी शुद्धीकरण, मगच विक्री. आपल्याकडे शुद्धीकरण म्हणजे घरी रात्रभर पाण्यात घालून ठेवणे. त्याने वाळू जाते, देवावरचा विश्वास तेवढा राहतो.

आमच्या संस्कृतिप्रेमी मित्रांनाही दोन शब्द. आपण नुस्त्यावर किती लिहितो! आजीचे हुमण, तिसऱ्यांचे सुके, जुन्या घरांच्या खिडक्यांना लावलेली शिंपल्यांची तावदाने. त्या तावदानांचे फोटो कॅलेंडरवर छापले जातात. ती ज्या शिंपल्यांपासून होत, त्या चिखलीच्या उपसागरात आजही आहेत आणि 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. हे त्या कॅलेंडरवर लिहिलेले मी तरी पाहिले नाही. ज्या वस्तूचा आपल्याला अभिमान आहे, ती किती उरली आहे हे विचारायला नको का? हे विचारले नाही तर गोंयकारपण म्हणजे नुसते ढेकर देणे!

माझे मागणे फार नाही. प्रत्येक मोठ्या नदीला एक कायम क्षेत्र कर्मचारी द्या. प्रकल्प असेपर्यंत नोकरी आणि प्रकल्प संपला की माणूस घरी, वह्या कपाटात, असा प्रकार नको. तीन वर्षांची मोजणी म्हणजे मोजणी नव्हे, ती पाहुणचार झाली. नदीच्या गोष्टी वीस-वीस वर्षांच्या असतात. त्याच्याबरोबर तिसऱ्या काढणाऱ्या बायकांपैकीच काहीजणींना मानधन देऊन नोंदीला लावा. जागा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक आहेत? आणि दर महिन्याचा निकाल मासळी बाजारात मराठी-कोंकणीतून फळ्यावर लिहा, संचालनालयाच्या कपाटात नको.

याला किती खर्च येईल? एखाद्या सरकारी महोत्सवाच्या मांडवापेक्षा जास्त नक्कीच येणार नाही. आणि हो, यापुढे कोणी विचारले की मासे मोजून वाढतात काय, तर त्याला एवढेच विचारा, बाबा, तू आपले बँकेचे पासबुक कशाला भरून घेतोस? आकडे छापून पैसे वाढतात काय?