राल्फचं पदक आणि गोटखिंडीचा पाऊस

डिस्नेचा 'रेक-इट राल्फ' २०१२ साली आला. लहान मुलांचा सिनेमा म्हणून तो ओळखला जातो. माझ्या मते तो सांगली-साताऱ्यातल्या आपल्या विशी-पंचविशीतल्या पोरापोरींनी बघायला हवा.

राल्फ हा एका जुन्या व्हिडिओ गेममधला खलनायक. त्याने इमारत फोडायची, फेलिक्सने ती हातोड्याने दुरुस्त करून पदक घ्यायचं, आणि रहिवाशांनी राल्फला गच्चीवरून चिखलात फेकायचं. तीस वर्षं हेच चालू आहे. दुकान बंद झालं, ड्युटी संपली, तरी राल्फने विटांच्या ढिगाऱ्यावरच झोपायचं. गेमच्या तिसाव्या वाढदिवसाचं त्याला साधं बोलावणंही नाही. केकवर मात्र त्याचा पुतळा आहे, चिखलात पडलेला.

ही भूमिका आपल्याला नवी नाही. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली. तेव्हा शाळेत असलेल्या कित्येक मुलांना पहिल्यांदाच कळलं, की साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका खेळातलं पात्र आपल्या अंगावर चिकटवलेलं आहे.

राल्फला वाटतं, पदक आणलं की लोक आपलं मानतील. तो दुसऱ्या गेममध्ये घुसून पदक आणतोही. परत येतो तर इमारत रिकामी. खलनायक गायब म्हणून मशीन बिघडलेलं ठरलंय आणि रहिवासी सामान बांधून निघून गेलेत. शेवटचा रहिवासी त्याच्या हातात वरच्या आलिशान फ्लॅटची किल्ली ठेवतो आणि चालू लागतो.

आपलं पदक म्हणजे ती यादी. सिद्दी इब्राहिम, दौलतखान, नूरखान बेग. कुठे काही घडलं की आपली पोरं शिवरायांच्या मुस्लिम सरदारांची नावं स्टेटसला लावतात. नावं खरी आहेत, अभिमानाने सांगावीत अशीच आहेत. पण ती दाखला म्हणून पुढे केली, की दाखला तपासणारा कोण हेही आपणच मान्य केलेलं असतं. आणि त्याचं समाधान कधीच होत नाही.

सिनेमातली मैत्री वेगळ्याच ठिकाणी जमते. व्हॅनेलोपी ही शर्यतीच्या गेममधली मुलगी. चालता चालता तिचं शरीर लुकलुकतं, म्हणून ती 'ग्लिच', गेमचा भागच नाही, असं सगळे म्हणतात. राल्फला मात्र मशीनच्या बाहेरच्या बाजूवर तिचंच चित्र दिसतं! कोणीतरी कोडमध्ये हात घालून तिला बाहेर काढलंय आणि इतरांच्या आठवणींना कुलूप लावलंय. आमच्या धंद्यात याला डेटाबेस बदलून वर लॉग मिटवणं म्हणतात, आणि नोकरी जाण्याइतका तो मोठा गुन्हा आहे. राल्फ आणि ती मिळून गाडी बनवतात, भांडतात, तो ती गाडी फोडतो, पुन्हा दुरुस्त करून आणतो. कोण कुठल्या गेमचं, हा हिशेब मध्येच कुठेतरी गळून पडतो.

वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. १९८० पासूनची ही प्रथा. तिचं मूळ त्याही आधीचं: एका वर्षी जोराचा पाऊस आला आणि मूर्ती भिजू नये म्हणून मशिदीत आणली. बकरी ईद गणेशोत्सवात आली, तेव्हा तिथल्या मुस्लिमांनी कुर्बानी टाळली. इतिहासातली यादी कोणी मागितली नव्हती. पाऊस पडत होता, एवढंच.

गोटखिंडीचं उदाहरण दिलं की सगळं ठीक आहे असं मात्र नाही. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून आला, एका तरुणाचा जीव गेला. तिथे दोस्ती पुरत नाही. पोलीस लागतात, कोर्ट लागतं, आणि त्यांच्याकडे न्याय मागणं म्हणजे दोस्तीत खोडा घालणं नव्हे.

म्हणूनच सिनेमाचा शेवट मला पटला नाही. रहिवासी राल्फशी नीट वागू लागतात, त्याला केकही देतात. पण ड्युटीवर त्याला रोज गच्चीवरून फेकतातच. फेकण्याआधी उचलून धरतात तेव्हा समोरच्या गेममध्ये व्हॅनेलोपी दिसते, आणि तो तेवढ्यावर खूश आहे. खेळात खलनायक, खेळ संपल्यावर शेजारी, ही वाटणी आर्केडच्या मशीनमध्ये चालते. पुसेसावळीत त्या रात्री खेळ संपला होता की नाही, हे जमावाने कोणाला विचारलं नाही.