चिकित्सेचा तिसरा पाद आणि दूरशिक्षण

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. पहिल्या पादासाठी महाविद्यालये आहेत, दुसऱ्यासाठी औषधनिर्माणशाळा व विक्रीकेंद्रे आहेत. तिसरा पाद म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणारा परिचारक. त्याच्या शिक्षणाचा विचार मात्र आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच होतो.

सानगडीसारख्या गावात चिकित्सा करताना ही उणीव आम्हांस नित्य जाणवते. पक्षाघाताचा रुग्ण नागपूरच्या रुग्णालयातून घरी परततो. त्यानंतर त्याची कूस कितीदा बदलावी, शय्याव्रण कसे टाळावे, ठसका लागू नये म्हणून भरविताना त्याला कसे बसवावे, हे घरात कोणासही ठाऊक नसते. सिकलसेलच्या रुग्णास ताप आला असता थांबू नये, तत्काळ साकोली वा भंडाऱ्यास न्यावे, हेही कोणी शिकविलेले नसते. अशा वेळी आपले उत्तम औषधही निम्मेच काम करते.

हे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रिया गावात नाहीत असे नाही. परंतु घर, मुले आणि रोवणी-कापणीचा हंगाम सोडून वर्षभर शहरात राहणे त्यांना शक्य नसते. अशांसाठीच दूरशिक्षणाची कल्पना पुढे आली. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन निघालेल्या नाशिकच्या विद्यापीठाने रुग्णसहायकासारखे शिक्षणक्रम मराठीतून चालविले. आरोग्यविषयक ज्ञान मातृभाषेतील पुस्तिकांच्या रूपाने घरापर्यंत पोहोचविण्याचे हे कार्य निःसंशय मोलाचे आहे.

तथापि दूरशिक्षणाची मर्यादाही स्पष्ट आहे. वैद्यक, परिचर्या व औषधनिर्माण या शाखांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यापुढे जाऊन, २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याखाली येणारे शिक्षणक्रमही जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. मानसशास्त्र आणि आहार व पोषणशास्त्र यांचाही त्यात समावेश आहे.

या निर्णयामागील तत्त्व आम्हांस मान्य आहे. किंबहुना ते आपल्या संहितांना नवे नाही. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात, शास्त्र पूर्ण शिकलेल्या शिष्याकडूनही प्रत्यक्ष कर्माचा अभ्यास करून घ्यावा, असे सांगितले आहे. छेदनकर्म भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर, भेदनकर्म पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर, तर बंधनकर्म मनुष्याकृती पुतळ्यावर. चरकाचार्यांनी परिचारकाचे चार गुण सांगितले: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. यांपैकी उपचारज्ञतेचा पाया पुस्तकाने घालता येतो. दाक्ष्य मात्र हाताला यावे लागते, आणि अनुराग व शौच रुग्णाच्या शय्येपाशीच पारखले जातात.

प्रश्न असा, की मनाईने बंद झालेल्या वाटेऐवजी खेड्यातील विद्यार्थिनीने कोणती वाट धरावी? शहरातील नियमित महाविद्यालय तिच्यासाठी पूर्वीही दूर होते, आजही दूरच आहे. जे अल्पमुदतीचे शुश्रूषा-शिक्षणक्रम दूरस्थ पद्धतीने मान्य आहेत वा पुढे होतील, त्यांचा प्रात्यक्षिक भाग गावाजवळ मिळाला तरच ते तिच्या उपयोगी पडतील. आमच्या मते ती जबाबदारी ग्रामीण वैद्यांनी आणि औषधी विक्रेत्यांनी उचलली पाहिजे.

यावर आपलेच काही बंधू शंका घेतात की, असे शिक्षण घेतलेली व्यक्ती उद्या स्वतःच दवाखाना थाटेल. शंका निराधार नाही. परंतु नोंदणीवाचून वैद्यकव्यवसाय करणे महाराष्ट्र वैद्यकव्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये गुन्हा आहे. शिक्षण नाकारल्याने भोंदूगिरी थांबलेली नाही; आपल्या कामाची सीमा कोठे संपते हे शिकविल्यानेच तिला आळा बसेल. आयुर्वेद पदवीधरांनाही सामुदायिक आरोग्य अधिकारी होण्यासाठी सहा महिन्यांचा शिक्षणक्रम प्रत्यक्ष कामासह पूर्ण करावा लागला. पदवीधरांस जे आवश्यक, ते परिचारिकेस अनावश्यक कसे ठरेल?

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी शिक्षणक्रमास त्या सत्राची मान्यता आहे की नाही, हे विद्यार्थिनीस तपासून द्यावे. ‘घरबसल्या आरोग्यसेवक व्हा’ अशा जाहिरातींना गावोगावची कुटुंबे बळी पडतात, आणि सल्ला विचारावयास ती आपल्याकडेच येतात. चिकित्सालयात नाडी, ताप व श्वास यांची नोंद, व्रणाची स्वच्छता, अभ्यंग-स्वेदनातील साहाय्य ही कर्मे रुग्णाच्या संमतीने व आपल्या देखरेखीखाली करवून घ्यावीत. औषधी विक्रेत्यांनी मात्रा, काल व अनुपान समजावून द्यावे, वेष्टनावरील मुदत वाचावयास शिकवावे आणि परस्पर औषध बदलण्याचा धोका सांगावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्वाक्षरीची. प्रात्यक्षिकाच्या वहीवर ओळखीखातर, भिडेखातर स्वाक्षरी करण्याची प्रथा अनेक क्षेत्रांत रुळली आहे. पाहिले नाही त्या कर्माखाली वैद्याने आपले नाव लिहू नये. त्या स्वाक्षरीच्या विश्वासावर उद्या कोणाचे तरी अंथरुणाला खिळलेले आईवडील तिच्या हाती सोपविले जाणार आहेत.

संघटनेने प्रत्येक तालुक्यात असे प्रात्यक्षिक देण्यास सिद्ध असलेल्या वैद्यांची व विक्रेत्यांची यादी करावी आणि ती मुक्त विद्यापीठांच्या अभ्यासकेंद्रांकडे पाठवावी. त्या यादीत आमचे नाव प्रथम लिहावे, अशी विनंती आहे.